शब्दचर्चा : ‘ला’ की ‘शी’?

नौपाडेकर :
एका संस्थेच्या पुस्तिकेचं भाषांतर हाती घेतलंय. विषय देशादेशांमधल्या मदतीचा, पण ‘एड’ हा शब्द लेखकाने कटाक्षाने टाळलाय. पानोपानी ‘डेव्हलपमेंट को-ऑपरेशन’ आणि ‘पार्टनरशिप’. म्हणजे आपली जुनी ‘परकीय मदत’ बाद. ‘विकास सहकार’ लिहिलं तर वाचणाऱ्याला साखर कारखाना आठवणार आणि ‘विकास भागीदारी’ लिहिलं तर घोडबंदर रोडवरचा बिल्डर. काय करू?

ऐरोलीकर :
‘सहकार’ नको, ‘सहकार्य’ घ्या. शब्द का बदलला ते नावांवरूनच कळतं. मदत परिणामकारक कशी करायची यावरच्या २००५च्या पॅरिस जाहीरनाम्याच्या नावात ‘एड’ होतं, २०११मध्ये त्याच विषयावरच्या बुसानच्या परिषदेत त्याच्या जागी ‘पार्टनरशिप’ आणि ‘को-ऑपरेशन’ आलं. जपानने १९९२ची मदतीची सनद २०१५मध्ये नवी केली तेव्हा तिला ‘विकास सहकार्य सनद’ म्हटलं. इतर देशांतल्या लोकांना प्रशिक्षण देणाऱ्या भारताच्या आयटेक योजनेच्या नावात तर १९६४पासून ‘को-ऑपरेशन’च आहे.

कळव्याचे काका :
पाटी बदलली म्हणून दुकान बदलत नाही. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची. आईची भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच तुटायची. तुम्हाला काय चालेल, हे कुणी विचारलं होतं का? देणारा ठरवणार आणि घेणारा गिळणार, ती मदत.

वाशीच्या बाई :
काका, तुमचं म्हणणं व्याकरणातच आहे की! मदत कुणा‘ला’ करतात, भागीदारी कुणा‘शी’ होते. ‘नेपाळला मदत’ आणि ‘नेपाळशी भागीदारी’. ‘ला’ लागला की एकाचा हात वर, दुसऱ्याचा खाली. भाषांतर करताना आधी प्रत्यय बघावा, शब्द नंतर.
जाता जाता, ‘साहाय्य’ घ्या. (‘सहाय्य’ नव्हे, शाळेतली सवय सुटत नाही.) ‘सहाय’ म्हणजे सोबत जाणारा, सोबती. म्हणजे मुळात तो ‘शी’वालाच शब्द. सरकारी ‘अर्थसाहाय्या’ने त्याला ‘ला’च्या रांगेत बसवलं.

दिवेकर :
मग बुलेट ट्रेन कुठे बसवायची? आमच्या म्हातर्डीला स्टेशन होतंय, खाडीखालून बोगदा. पेपरात दरवेळी ‘जपानच्या मदतीने’. अहो, ते कर्ज आहे! ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत. फेडायचंय तर मदत कसली?

कळव्याचे काका :
घर घेताना मेहुण्याने बिनव्याजी पैसे दिले. पै न पै फेडली. तरी आजही ‘त्याने मदत केली’ असंच म्हणतो. ०.१ टक्क्याने कोणती बँक दारात उभं करते?

दिवेकर :
मेहुण्याने घराच्या खिडक्या कुठून आणायच्या ते सांगितलं होतं का? इथे रुळांचं तंत्र जपानचं.

वाशीच्या बाई :
‘सवलतीचं कर्ज’ म्हणा, भांडण मिटेल.

जुईनगरकर :
गावाकडचा शब्द कुणालाच कसा सुचला नाही? सावड! आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. इर्जिक वेगळी : तिथे गाव येऊन नांगरून देतं, मालक जेवण घालतो आणि विषय संपतो. सावड मात्र फेडावी लागते. ‘सावड दिली’ असं कुणी म्हणत नाही, सावडीला जातात.

ऐरोलीकर :
शब्द झकास, पण सावडीत दोघांकडे बैल असतात. इथे एकाकडे ट्रॅक्टर नि दुसऱ्याकडे खुरपं.

नौपाडेकर :
सावड प्रस्तावनेत वापरते, मथळ्यात ‘विकास सहकार्य’. आत जिथे दोघं मिळून ठरवतात तिथे ‘शी’. पण एक वाक्य अजून अडलंय. मुळात शब्दशः ‘गरीब देशांना भागीदारी पुरवली जाईल’ असं आहे.

वाशीच्या बाई :
‘ना’ म्हणजे ‘ला’चंच अनेकवचन. तिथे सरळ ‘मदत’ लिहा.