नाशिकला जाऊन वाइन चाखणं: शौक की नुसता दिखावा?

धरमपेठकर
फेब्रुवारीत आम्ही चार मित्र नागपूरहून समृद्धी महामार्गानं नाशिकला गेलो. गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका द्राक्षमळ्यात अख्खी दुपार काढली. तोडणीचे दिवस, क्रेट भरभरून ट्रॅक्टर चाललेले. पाच वाइन समोर आल्या, प्रत्येकीचे दोन-तीन घोट. आधी शेनिन ब्लां, मग सोव्हिन्यो ब्लां (या दोन्ही पांढऱ्या), गुलाबी रोझे, लाल शिराझ, शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट. ग्लास दांडीला धरायचा, कारण हाताच्या उबेनं पांढरी वाइन तापते. सोव्हिन्योला मला चक्क ढोबळी मिरचीचा वास आला. हसतील म्हणून गप्प बसलो, तर ओतणारा पोरगाच म्हणाला, "मिरची आली का सर?" त्या द्राक्षाचा वासच तसा असतो म्हणे.

घरी सांगितलं तर मामा म्हणाले, "दारू प्यायला सहाशे किलोमीटर?" माझं म्हणणं असं, की आपल्याकडे पिण्याचे दोनच प्रकार माहीत आहेत, लपून आणि भरपूर. घोटभर घेऊन त्यावर अर्धा तास बोलायचं, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. खर्च वसूल. तुमचं मत?

महालवाले नाना
काहून राजे हो, बारमध्ये बसून पेला तं बेवडा, अन् मळ्यात बसून पेला तं जाणकार? पोटात गेल्यावर दोन्ही एकच.
अन् आपल्या मोहाचं काय? मोहाच्या पहिल्या धारेलेही वास असते, चव असते, झाडागणिक फरक असते. पण ते "गावठी". २००१ मध्ये सरकारनं वाइनसाठी खास धोरण आणलं, करात सूट दिली. मोहफुलं गोळा करून न्यायची बंधनं सुटाले २०२१ उजाडलं. वीस वर्षांचा फरक आहे भाऊ. द्राक्षवाल्याचे हात वरपर्यंत पोचतात, मोह वेचणाऱ्या बाईचे नाही पोचत. तुमचा तो ओतणारा पोरगा टाय लावून होता म्हणून तुम्हाले मिरची समजली.

धरमपेठकर
नाना, टाय नव्हता, टी-शर्ट होता. मोहाबद्दल एकदम मान्य. पण मोहावर अन्याय झाला म्हणून द्राक्षाला शिव्या का?

काटोलची लेक
मी संत्र्याच्या घरातली, म्हणून लिहिते. दरवर्षी भाव पडला की कोणीतरी पुढारी म्हणतो, नाशिकसारखी आपणही वाइन काढू. इतकं सोपं नाही हो. वाइनचं द्राक्ष तोडतात तेव्हा त्यात साखर २२-२४ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) घरात असते, म्हणून १२-१३ टक्के अल्कोहोल आपोआप उतरतं. आपला संत्रा १०-११ ब्रिक्सचा. वरून साखर घातल्याशिवाय पाच-सहा टक्क्यांपुढे जाणार नाही. शिवाय रस काढून ठेवला की कडवटपणा चढतो, हे घरी ज्यानं केलंय त्याला माहीत आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, तिथली हिवाळ्यातली रात्र थंड. आपण तीनशेवर आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री.
तेव्हा जाऊन बघण्यात मला काही वाईट दिसत नाही. उलट शेतकऱ्यांनीच जावं. शेतमालाला दारात गिऱ्हाईक कसं आणायचं, ते त्या लोकांना जमलंय. आमच्या बागेत आजवर व्यापाऱ्याशिवाय कोणी आलं नाही.

सेवाग्राम रोड
तुमचा समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो, तिथं १९७४ पासून दारूबंदी आहे. डिकीत बाटल्या घालून परत आला असाल, तर हा विचार केला होता का?
मी गडचिरोलीत नोकरी केली आहे. तिथली बंदी १९९३ ची, गावोगावच्या बायांनी लढून मिळवलेली. बंदी मोडते, चोरून विकली जाते, सगळं खरं. चंद्रपूरला २०१५ ला आली आणि २०२१ ला उठलीसुद्धा. पण ज्या बाईचा नवरा मजुरी पिऊन टाकतो, तिला ढोबळी मिरचीचा वास सांगून बघा. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हाही हेच ऐकवलं, की वाइन म्हणजे दारू नव्हे. १३ टक्के अल्कोहोल म्हणजे काय सरबत?

धरमपेठकर
बाटल्या आणल्या नाहीत. खरं सांगायचं तर सुचलंच नव्हतं, खिसा रिकामा होता म्हणून वाचलो. तुमच्या बाकी मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तेजू_बजाजनगर
सगळे काकाच बोलून राहिले, म्हणून माझंही ऐका. आम्ही पाच मैत्रिणी मागच्या वर्षी गेलो होतो. नागपुरात आम्ही पाचजणी कुठं बसलो असतो? बाजूच्या टेबलावरून बघणारे, वेटरचं ते हसू. तिथं शेजारी एक आजी-आजोबा बसले होते, आजी शिराझ पीत होत्या, कोणी मान वळवून पाहिलं नाही. मला वाइन फारशी आवडलीच नाही, लाल तर जांभळाची बी चावल्यासारखी तोंड आखडवते. पण ती दुपार आवडली. दिखावा म्हणाल तर म्हणा.
एक तक्रार मात्र आहे. एका ठिकाणी शनिवारी गेलो, तर टेस्टिंग म्हणजे रांगेत उभं राहून पाच घोट दहा मिनिटांत गिळा, पुढचा गट येतोय. जायचं तर मधल्या वारी जा.

महालवाले नाना
पोरी, तुझं पटलं. धरमपेठकरांचं अजून नाही.
अन् सावजीसंगं कोणती वाइन जाते, हे कोणी सांगन का?

काटोलची लेक
नाना, लाल तर अजिबात नको. अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं, वर ते तुरट. थंडगार, जराशी गोड शेनिन चालून जाईल. त्यापेक्षा ताक घ्या.

महालवाले नाना
ताकच घेतो. धरमपेठकर, मार्चअखेर रामटेकच्या पुढं या. मोह पहाटे टपकते, चार वाजता उठा लागते. फुलं ताजी चाखा, वास घ्या, काय घ्याचं ते घ्या. मंग ठरवू.

धरमपेठकर
येतो. तेजू, तुम्हीही या.

चौथा मित्र
नाशिकला जाताना-येताना गाडी मी चालवली आणि तिथं पाचही वाइनच्या वेळी लिंबूपाणी प्यालो, हे आमच्या साहेबांनी लिहिलं नाही. रामटेकला दुसरा ड्रायव्हर शोधा.