दुरुस्तीचे पैसे सरकारचे, सही मात्र भाटकाराची

म्हादयकाठचा
काल एका महाशयांनी लिहिलं, "गोव्यात गरीब आहे कुठे? ज्याचं घर गळतं त्याच्याच दारात ॲक्टिव्हा. माझ्या टॅक्समधून त्याचं छप्पर का? घरदुरुस्तीचं अनुदान बंद करा." त्यावर चाळीसेक जणांनी अंगठे दाखवलेत. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय, लांबणार आहे.

माझी मावशी, साठी उलटलेली, काका जाऊन नऊ वर्षं झाली. घर मातीच्या भिंतींचं, काजूच्या बागायतीला लागून. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच पंचाचा फोन यायचा. गेल्या जुलैत रात्री दोनला मागची पडवी बसली. ती आणि नातू पुढच्या खोलीत होते म्हणून वाचले. मग मी रजा टाकून तिला घेऊन फिरलो. पहिल्याच टेबलावर प्रश्न, एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, कुठाय? एक-चौदावर नाव भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. घरपट्टी मावशीच्या सासऱ्याच्या नावावर, तो मी जन्मायच्या आधी गेला. वीजबिल काकाच्या नावावर. म्हणजे तीन कागद, तीन माणसं, त्यातली दोन मेलेली आणि तिसरा मुंबईला. जी त्या घरात झोपते ती कुठल्याच कागदावर नाही.

भाटकाराचा मुलगा फोनवर एकदम गोड, "मावशी, रहा की, तुम्हाला कोण काढतंय?" पण ना हरकत दाखल्यावर सही म्हटल्यावर "वकिलाला विचारून सांगतो". तो अजून विचारतोय. सही केली की उद्या मुंडकारपणाचा पुरावा तयार (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा), हे त्याला बरोबर कळतं. मावशीच्या मागच्या बाजूला अजून निळी ताडपत्रीच आहे.

आणि ती ॲक्टिव्हा नातवाची आहे, हप्त्यावर, कारण शेवटची बस साडेसातला आणि तो कामावरून सुटतो आठला. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेतसुद्धा आधी दुचाकी असली की नाव बाद करायचे, 2024 मध्ये ती अट काढली, फ्रिजचीपण काढली. दिल्लीला कळलं, आपलं सचिवालय आहे त्या पर्वरीला कळायचंय.

पर्वरीचा पगारदार
ते महाशय मीच. पर्वरी लिहिलंत म्हणजे ओळखलंतच, नाव घ्यायला लाजलात कशाला?

तुमच्या मावशीबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण एका मावशीवर योजना चालत नाही हो. आमच्याच नात्यातल्या एकाने दुरुस्तीचे पैसे उचलले, छपराला हात लावला नाही, मागे दोन खोल्या आणि टाइल्सची न्हाणी काढली आणि आज त्या भाड्याने देतो, शनिवार-रविवारी बेंगळुरूच्या पोरांना. मी वीस वर्षांचं कर्ज काढून दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर, त्याचीही गच्ची गळते. मला कोण देतो अनुदान? सोसायटीच्या मीटिंगला चहासुद्धा स्वतःच्या पैशाचा.

दुसरं, जमीन दुसऱ्याची, त्यावर सरकारी पैसा कसा घालणार? उद्या कोर्टात भाटकार जिंकला तर ते पैसे गेले की पाण्यात. कागद मागणं हा गुन्हा आहे का?

माशेलकरीण
कागद मागणं गुन्हा नाही हो भाऊ, पण आमचं ऐका. आमच्याकडे भाटकारबिटकार कोणी नाही, घर स्वतःचं, सासऱ्यांनी चिरे स्वतः वाहून बांधलेलं. तरी आम्हाला पैसे मिळाले नाहीत. कारण सासरे गेल्यावर घर पाच भावंडांचं, आणि आपल्या गोव्याच्या कायद्यात नवरा-बायको दोघांचा वाटा, म्हणजे सह्या दहा. एक दीर मुंबईला, एक लंडनला, एक नणंद बोलत नाही (का ते विचारू नका, गणपतीतला विषय आहे). सह्या जमत नाहीत म्हटल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, केल्याशिवाय घर नावावर होत नाही आणि वकिलाने जो आकडा सांगितला तो दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठा. शेवटी मी बचत गटातून कर्ज घेऊन वासे बदलले. लंडनचे दीर मे महिन्यात आले आणि म्हणाले, वहिनी, जुने वासे का काढलेस, किती सुंदर होते. मी काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

बार्देशचा गांवकार
सगळे रडगाणं गाताय तर आमचंही ऐका. आमच्या कोमुनिदादीच्या, म्हणजे गांवकारांच्या सामाईक, जमिनीत रातोरात घरं उभी राहिली, आधी पत्रे, मग चिरे, मग स्लॅब, मग मतदार ओळखपत्र. आता सरकार म्हणतं 28 फेब्रुवारी 2014 च्या आधीची असतील तर नियमित करू. गांवकारांना विचारलं कोणी? आमच्या बापजाद्यांची जमीन आणि उदारपणा दुसऱ्याचा. आणि उद्या त्यांनाच दुरुस्तीचं अनुदान! गोव्यात 223 कोमुनिदादी आहेत, एकेक करून वाटून टाका, मग चर्चाच नको.

म्हादयकाठचा
@गांवकार, धागा मुंडकाराच्या छपराचा आहे, तुमचं अतिक्रमण कुठून आलं मध्येच? मावशीचं घर 1972 च्या सर्व्हे प्लॅनवर दिसतंय, चौकोन काढलाय तिथे. रातोरात नाही आलेलं ते.

@पगारदार, तुमच्या नातेवाइकाने पैसे खाल्ले तर त्याची तक्रार करा ना, तुम्हाला घर माहीत आहे, भाडं माहीत आहे, शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं कुठची तेसुद्धा माहीत आहे. त्याच्या चोरीची शिक्षा मावशीला कशाला? आणि जमीन दुसऱ्याची म्हणता, मुंडकार कायदा 1975 चा आहे. पंचायत भागात घरासकट 300 चौरस मीटर विकत घ्यायचा हक्क कायद्यात लिहिलाय. पण मामलेदाराकडे तारखांवर तारखा पडतात. हक्क आहे पण कागद नाही, आणि अनुदान कागदाला मिळतं, गळतीला मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, दुरुस्तीपुरता भाटकाराचा दाखला मागू नका. पंचायतीने आणि तलाठ्याने जागेवर येऊन बघावं, राहतेय का, किती वर्षं राहतेय, शेजाऱ्यांना विचारावं, आणि मालकीचा निकाल लागायचा तेव्हा लागो.

रिवणकार
मावशीचं छप्पर कौलांचं की पत्र्यांचं? कौलांचं असेल तर पैसे मिळून काही फायदा नाही. आमच्याकडे माकडं. पावसाच्या आधी शाकारणी केली की आठ दिवसांत टोळी येते, ह्या टोकाला उडी मारली की वीस कौलं गेली. मी तीन वर्षं बदलली आणि चौथ्या वर्षी पत्रे घातले. शांत झोपतो.

फोंड्याची सूनबाई
शांत??? पत्र्यांवर पाऊस पडायला लागला की शेजारचा माणूस काय बोलतो ऐकू येत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये घराची भट्टी होते. माझ्या सासूबाई दुपारभर गोठ्यात बसायच्या, तिथे कौलं होती.

रिवणकार
सासूचं काय बोलणं ऐकायचं असतं एवढं? 😄 पत्र्यांखाली फॉल्स सीलिंग घाला.

फोंड्याची सूनबाई
गरिबाच्या घराला फॉल्स सीलिंग! घ्या, हेच राहिलं होतं अनुदानात.

निवृत्त मास्तर, डिचोली
माहितीसाठी सांगतो, मंगळुरी कौलाचा कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळुरात सुरू केला. त्याआधी आपल्याकडे कुंभाराने हाताने केलेले नळे असत. हे कौल उष्णतेला उत्तम. पत्रा ही अलीकडची फॅशन आहे.

रिवणकार
मास्तर, बासेल मिशनवाल्यांना आमची माकडं दाखवायला हवी होती.

निवृत्त मास्तर, डिचोली
हसा. पण ह्या कौलाचा विषयाशी संबंध आहे. मी 2010 ला जनगणनेच्या घरयादीला प्रगणक होतो. छपराच्या रकान्यात हाताची कौलं वेगळी आणि मशीनची वेगळी. मंगळुरी कौल मशीनचं, ते पक्क्या छपरात मोजतात. म्हणजे खाली वाळवीने खाल्लेले वासे असले तरी वरचं छप्पर कागदावर पक्कं. आणि आवास योजना कच्च्या घरांसाठी आहे. नळे असलेला गरीब, कौलं असलेला श्रीमंत.

पर्वरीचा पगारदार
हे मला माहीत नव्हतं, मास्तर. कबूल करतो, मूर्खपणाचं आहे हे. पण बघा, ही तर नवीन घराची योजना झाली, दुरुस्तीची नाही. आणि तिथे 1.20 लाखच मिळतात असं आता कोणी रडू नका, वर रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे मिळतात.

म्हादयकाठचा
1.20 लाख 2016 ला ठरले, आज किती साल आहे? मेस्त (गवंडी) आमच्याकडे दिवसाला हजाराच्या खाली येत नाही, चहा-भजी वेगळी. आणि रोजगार हमीवर काम करणारा मिळाला तर मला फोटो पाठवा, फ्रेम करून लावतो. पहिला हप्ता मंजुरीला मिळतो, पण मग पाया करा, पायाचा फोटो काढा, तेव्हा पुढचा हप्ता. ज्याच्याकडे पाया पुरा करायला पैसे आहेत त्यालाच पुढचे पैसे देतात.

राज्याच्या योजना आहेत, अटल आसरा वगैरे, दुरुस्तीलाही मिळतात, नाकारत नाही, गावात दोघांना मिळालेत आणि घरं चांगली झालीत. पण योजना ज्या वर्गासाठी आहे त्या वर्गात आधी तुम्ही बसायला पाहिजे. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, हे मावशीकडे आहे. अडतं ते जमिनीपाशी.

बार्देशचा गांवकार
जमिनीपाशी अडणारच! घरं नियमित करायच्या त्या माझे घर योजनेत सरकारी आणि कोमुनिदादीची जमीन घेतली, भाटकाराला मात्र दुखावलं नाही. का? कारण भाटकार पक्षाला पैसे देतात. आमची कोमुनिदाद काय देणार, गांवकाराला मिळतं ते वर्षाचं जोन (उत्पन्नाचा वाटा)?

माशेलकरीण
हे मात्र खरं बोललात, गांवकारबाब. पहिल्यांदाच.

फोंड्याची सूनबाई
आणि बाहेरच्यांची बंद घरं? 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं जवळजवळ पाचातलं एक घर बंद होतं. आमच्या कॉलनीत आठ बंगले आहेत, सहांत फक्त माळी राहतो. एकीकडे घरं रिकामी आणि एकीकडे ताडपत्री. त्यांना घरपट्टी तिप्पट लावा आणि त्यातून मावशीचं छप्पर करा.

पर्वरीचा पगारदार
बंद घरांवर जादा घरपट्टीला माझा पाठिंबा आहे, लिहून ठेवा, परत मिळणार नाही. माझ्या वरचा फ्लॅट चार वर्षं बंद आहे आणि माझी गळती तिथूनच येते.

बाकी मुद्द्यावर मी हललेलो नाही. जागेवर येऊन बघा म्हणता, मग बघणारा कोण? तोच पंच. ज्याने मत दिलं त्याचं घर गळतंय, ज्याने दिलं नाही त्याचं कोरडं. कागद निदान मत विचारत नाही. तरीपण, म्हादयकाठचे, वीजबिल आधी मावशीच्या नावावर करा, मृत्यूचा दाखला आणि अर्ज, ते होतं, मी आईचं केलंय. एक तरी कागद तिच्या नावावर आला की मामलेदारापुढे बोलायला तोंड मिळतं. आणि हे मी तुमच्या त्या "पर्वरीला कळायचंय" वाक्यानंतरही सांगतोय, हे लक्षात ठेवा.

म्हादयकाठचा
ठेवलं लक्षात. वीजबिलाचं सोमवारी बघतो. पंचाबद्दल बोललात ते खोटं नाही, आमच्या पंचाचं घर पण "दुरुस्त" झालंय, दोन मजली.

चतुर्थीआधी निदान मागचा भाग झाकायला हवा. ह्या रविवारी आम्ही चौघे वर चढतोय, जुनी कौलं शेजारच्या पडक्या घराची मिळालीत, फुकट.

रिवणकार
कौलं? वाचलं नाहीत का वर मी काय लिहिलं? पत्रे घाला हो, पत्रे.