व्याख्यानमाला: शिक्षण की उन्हाळी करमणूक?

टोकदार पेन्सिल:
आमच्या गावच्या व्याख्यानमालेची यंदाची पत्रिका हातात आली. सोमवारी शिवकालीन दुर्ग, मंगळवारी कृत्रिम बुद्धिमत्ता, बुधवारी मधुमेह, गुरुवारी ज्ञानेश्वरी. हिला माला का म्हणायचं? नुसते मणी आहेत, दोरा कुठाय?

1877 साली रा. गो. भांडारकरांनी मुंबई विद्यापीठात विल्सन भाषाशास्त्र व्याख्यानं दिली. एकच वक्ता, एकच विषय, सात व्याख्यानं. संस्कृतपासून निघायचं आणि पाली, प्राकृत, अपभ्रंश करत आजच्या देशी भाषांपर्यंत पोचायचं. ऐकणारा रोज एक पायरी चढत असणार. आपण टाळ्या वाजवून घरी येतो आणि सकाळी वक्त्याचा एक विनोद सोडून काही आठवत नाही. याला शिक्षण म्हणू नका, एवढंच म्हणणं आहे.

पायरीवरची:
विद्यापीठात भाषाशास्त्र ऐकायला कोण बसणार? आधीच शिकलेले! रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे, ती काय विनोदांवर?

माझी आई सातवी शिकलेली. नाशकात मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर व्याख्यानांना जाऊन बसायची. तिकीट नाही, हजेरी नाही, कितवी झाली हे कुणी विचारायचं नाही. गाण्यावरचं ऐकायला म्हणून गेली आणि दुसऱ्या दिवशी आपसूक धरणांवरचंही ऐकून आली. आपल्याला काय आवडतं हे कळायला आधी सगळं पानात पडावं लागतं, दादा.

टोकदार पेन्सिल:
आईंबद्दल आदरच आहे, ताई. पण पानात पडलं, पुढे काय? धरणांवर पुढचं कुणी सांगितलं का त्यांना? आमच्याकडे शेवटी दहा मिनिटं प्रश्नांना ठेवतात, त्यातली सात आभारप्रदर्शनात जातात.

माजी खजिनदार:
एका मालेचे हिशेब मी बारा वर्षं ठेवले, म्हणून बोलतो. तुमचा दोरा आम्हीही ओवून पाहिला. एकाच अभ्यासकाला तीन संध्याकाळ दिल्या, विषय दुष्काळ. पहिल्या दिवशी सभागृह भरलं, दुसऱ्या दिवशी निम्मं. तिसऱ्या दिवशी बावीस डोकी, त्यात आम्ही कार्यकर्ते आणि माईकवाला. देणगीदार म्हणाले, पुढच्या वर्षी एखादा नट आणा. आणला. खुर्च्या कमी पडल्या.

पुस्तकातला किडा:
मुळात ऐकायचा अट्टहास कशाला? 1936 मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांना आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषणाचा मजकूर पाहून काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेब स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते. परिषद रद्द झाली, त्यांनी भाषण स्वतः छापलं. न झालेलं ते भाषण लोक आजही वाचतात. छापील मजकूर पुरतो.

पायरीवरची:
किडेबुवा, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. मजकूर मंडळाच्या हातात होताच. तो भरसभेत, त्यांच्याच व्यासपीठावरून बोलला जाईल, याची धास्ती होती. चार माणसांत बसून ऐकण्याला काही वजन नसतं, तर परिषद कशाला मोडली असती?

पुस्तकातला किडा:
हे मान्य. तरी माझी आरामखुर्ची सोडणार नाही. तुमच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दीड तास बसून बघा एकदा.

टोकदार पेन्सिल:
खजिनदारकाका, त्या तिसऱ्या दिवशीचं अर्धवट सोडलंत. बावीस लोकांत झालं काय?

माजी खजिनदार:
ते सांगायचं टाळत होतो, कारण तुमची बाजू भक्कम होते. भाषण चाळीस मिनिटांत उरकलं आणि प्रश्न दीड तास चालले. एक शेतकरी आपल्या विहिरीच्या पातळीची वही घेऊन आला होता. वक्ते खाली उतरून त्याच्या शेजारी बसले, बाकीचे भोवती. शेवटी वॉचमननं दिवे घालवले.

टोकदार पेन्सिल:
मग परत करा ना तसंच!

माजी खजिनदार:
करतो. वर्गणी किती लिहू?