तक्रारीचा विमा काढा म्हणे! आणि समितीचं काय?

हिंगणा एमआयडीसीतली एचआर
काल उद्योजकांच्या ग्रुपवर एका विमा सल्लागाराची पोस्ट आली: "बायका तक्रारी करतात, काढलेली माणसं नोटिसा धाडतात. एम्प्लॉयमेंट प्रॅक्टिसेस लायबिलिटी पॉलिसी घ्या आणि निवांत झोपा." खाली नुसते अंगठे. माझी झोप मात्र उडाली.

कामगारानं मालकावर दावा लावला तर ही पॉलिसी वकिलाची फी देईल, भरपाई देईल. पण दहा माणसं कामाला असली की कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती लागतेच. नसेल तर 50,000 पर्यंत दंड, दुसऱ्यांदा सापडलात तर दुप्पट आणि लायसन्सही जाऊ शकतं. ते पॉलिसी घेऊन टळत नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत समितीचा बोर्ड वॉटर कूलरच्या मागे होता. अध्यक्ष म्हणून जिचं नाव, ती दोन वर्षांआधीच नोकरी सोडून गेलेली. पॅकिंगमधली एक पोरगी सुपरवायझरबद्दल मला सांगत होती, तेव्हा सारखी डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती. मालकानं शिफ्ट बदलली. तिची! महिनाभरात ती यायची बंद झाली. तिला कोणता विमा होता?

बुटीबोरीचा युनिटवाला
ताई, मालक म्हणजे राक्षसच काय? माझ्याकडे 22 माणसं. तांब्याचा स्क्रॅप चोरताना धरला त्याला काढलं, तर त्यानंच मला कोर्टात ओढलं. तीन वर्षं तारखा. मशीन बंद ठेवून सिव्हिल लाइन्सला जाऊन बसायचो. शेवटी वकील म्हणाला, पैसे देऊन मिटवा. चोराला पैसे दिले मी! गाडीचा विमा काढतो तसाच हा.

हिंगणा एमआयडीसीतली एचआर
भाऊ, काढण्याआधी त्याला चार्जशीट, म्हणजे लेखी आरोप दिले होते? चौकशी केली होती?

बुटीबोरीचा युनिटवाला
रंगेहाथ धरल्यावर कशाची चौकशी?

हिंगणा एमआयडीसीतली एचआर
तिथंच हरलात तुम्ही. चोरीमुळे नाही.

विमा क्षेत्रातला
दोघंही थोडं थांबा. ही पॉलिसी 'क्लेम्स मेड' असते. दावा पॉलिसी चालू असताना यावा लागतो आणि लगेच कळवावा लागतो. आधीपासून माहीत असलेलं प्रकरण त्यात बसत नाही. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, बोनसही नाही. मुद्दाम केलेलं सिद्ध झालं तर कंपनीचे हात वर. सुरुवातीची ठरलेली रक्कम तुमच्याच खिशातून.

इतवारीतला व्यापारी
हात वर! हेच म्हणून राहिलो मी. गोडाऊनला आग लागली तेव्हा 40 लाखांचा माल होता, विमा 20 चा. 10 लाखांचं जळलं, 5 हातात ठेवले. म्हणे विमा कमी काढला होता. पॉलिसी विकताना हे काहून नाही सांगितलं?

विमा क्षेत्रातला
काकाजी, तो अ‍ॅव्हरेज क्लॉज: निम्म्या मालाचा विमा, तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई. पॉलिसीत लिहिलेला असतो.

इतवारीतला व्यापारी
इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात! मी सर्व्हेअरसमोर जळके तागे मोजून दाखवले, हात काळे झाले माझे. तो कॅल्क्युलेटर काढून अर्धे करून गेला.

बुटीबोरीचा युनिटवाला
माझ्या शेडचंही असंच झालं, पत्रे उडाले तेव्हा.

विमा क्षेत्रातला
दरवर्षी स्टॉक वाढवता, विम्याची रक्कम तीच ठेवता. प्रीमियम वाचवायला. दोष आमचाच?

इतवारीतला व्यापारी
तोंड सांभाळून बोला. चाळीस वर्षं धंदा केला आहे.

हिंगणा एमआयडीसीतली एचआर
आग, पत्रे, प्रीमियम... ज्या पोरीबद्दल लिहिलं तिच्यावर एक ओळ नाही कोणाची. तक्रारीला मुदत तीन महिने, समितीनं फार तर आणखी तीन वाढवायची. बोर्डच सापडत नसेल तर ते महिने कूलरमागे जातात.

बुटीबोरीचा युनिटवाला
ठीक आहे. सकाळी बोर्ड पाहिला. अध्यक्ष माझी बायको आहे, ती कामाला येतच नाही. सीएनं सांगितलं तसं लिहिलं होतं.

हिंगणा एमआयडीसीतली एचआर
अध्यक्ष तुमच्या इथं काम करणारी वरिष्ठ बाईच लागते, भाऊ. निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक सदस्य बाहेरची, बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी.

बुटीबोरीचा युनिटवाला
पॉलिसी मी घेणार, ते मत बदललं नाही. पण बाहेरची सदस्य कोणाला घेऊ? बुटीबोरीपर्यंत यायला तयार असलेलं कोणी माहीत असेल तर सांगा.