मदत हवी आहे: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ट्रामाडॉल सोसत नाही, टॅपेंटाडॉल की पॅच?

आईचा (वय ६८) उजवा गुडघा बदलून आज नववा दिवस. घरी सोडताना दुखण्यासाठी ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी एकत्र गोळी दिली, दिवसातून तीनदा. गोळी पोटात गेली की पाऊण तासात उलटी, मग डोळे मिटून पडून राहते. फिजिओवाली येते नेमकी त्याच वेळी. परवा गुडघा कसाबसा ७० अंश वाकला आणि आई "पुरे गं बाई" म्हणत रडायलाच लागली. पाच दिवस पोटही साफ नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.६ असल्याने डायक्लोफेनॅकच्या जातीचं काहीच चालत नाही.

त्यात आमची एक चूक. आई चार वर्षं रात्री एसिटालोप्राम १० (नैराश्य-चिंतेवरची गोळी) घेते, ते ऑपरेशनच्या वेळी सांगायचंच राहिलं (कुणी विचारलंही नाही, पण ते असो). काल केमिस्टने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाला, या दोन्हींनी मिळून सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) जास्त वाढतं, त्याने थरथरही होते, डॉक्टरांना आत्ताच फोन करा. दोन दिवस आईचे हात थरथरत होते, आम्ही अशक्तपणा समजत होतो! सर्जननी ट्रामाडॉल लगेच बंद करायला लावलं. उद्या दाखवायला बोलावलंय, टॅपेंटाडॉल ५० (दुखण्याचीच दुसरी गोळी) देऊन बघू म्हणाले.

मला कळलंय ते असं: ट्रामाडॉलचा बराचसा गुण यकृतात त्याचं रूपांतर झाल्यावर येतो, म्हणून कुणाला कमी लागू पडतं, कुणाला जास्त. टॅपेंटाडॉल थेट काम करतं, मळमळ आणि बद्धकोष्ठ तुलनेने कमी. बहिणीची जाऊ म्हणते बुप्रेनॉर्फिनचा पॅच (दुखण्याच्या औषधाची कातडीवर चिकटवायची पट्टी) लावा, सात दिवस बघायला नको. तो मूत्रपिंडाला सोसतो म्हणे, पण अंमल चढायलाच दोन-तीन दिवस लागतात, आणि फिजिओच्या तासापुरता वाढवायचा कसा? शिवाय आई कंबरेखालची गरम पाण्याची पिशवी सोडत नाही. उष्णतेने पॅचमधलं औषध जास्त शोषलं जातं.

औषध डॉक्टरच ठरवतील. तुमच्या घरी कुणी टॅपेंटाडॉल घेतलं असेल तर सांगा: गुंगी किती होती? फिजिओच्या किती आधी गोळी दिलीत? एसिटालोप्राम चालू असताना कुणाला दिलं होतं का? पोटासाठी इसबगोल सोडून काय चाललं?

आणि बाबांना कसं समजवायचं तेही सांगा. ही औषधं अफूसारखं काम करणारी, त्यामुळे "अफूच्या गोळ्या" म्हणून ते पाकिटातल्या ट्रामाडॉलच्या गोळ्या रोज मोजायचे आणि रात्रीची हळूच वगळायचे.