मुंबईत हाताशी एकच दिवस असेल, तर तो कसा घालवावा? आपले अनुभव सांगा

कोटातला वाटसरू (धागाकर्ता)

नांदेडहून मावसभावाचा निरोप आला आहे. पुढच्या आठवड्यात तो, वहिनी आणि दोन्ही मुले सकाळच्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणार, रात्रीच्या गाडीने परतणार आणि मधल्या वेळात त्यांना सगळी मुंबई पाहायची आहे. तो निरोप वाचताना मला आजोबा आठवले. गिरणीतून निवृत्त झाल्यावर गावाकडून कोणीही आले, की त्यांना फिरवण्याचे काम आजोबांकडे असे आणि त्यांचा नियम ठरलेला होता: जेथे उतरलो, तेथून पायी जाता येईल तेवढेच पाहायचे. पाहुण्यांना जुहू आणि नटांचे बंगले हवे असत. त्या धावपळीत अर्धा दिवस टॅक्सीच्या खिडकीतच सरतो, हे आजोबा त्यांना शांतपणे समजावून सांगत. मलाही तेच पटते. एका दिवसात मुंबई पाहून होणार नाही, पण कोट, म्हणजे फोर्टचा भाग, नीट पाहून होतो.

सुरुवात स्थानकापासूनच करावी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले, १८८७ मध्ये तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले आणि २००४ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. तरीही रोज तिच्यातून धावत जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मान वर करून उपनगरी तिकीटघराचे ताऱ्यांचे छत पाहिले असेल. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर ब्रिटनचा सिंह आहे आणि दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. समोर महानगरपालिकेची १८९३ सालची इमारत आहे, तीही स्टीव्हन्स यांचीच. तेथून चालत हुतात्मा चौकात यावे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवरचा २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार आजोबांच्या आठवणीतला असल्यामुळे ते त्या स्मारकापाशी चपला काढून उभे राहत आणि मशाल धरलेला शेतकरी व कामगार आम्हा मुलांना बोट करून दाखवत. पुढे हॉर्निमन सर्कल, १७१८ मध्ये उघडलेले सेंट थॉमस कॅथेड्रल, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर विसावा, मग काळा घोडा चौक, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि उन्हे कलल्यावर गेटवे.

आपण आपल्या पाहुण्यांना कोठे नेले, किंवा पाहुणे म्हणून आलात तेव्हा काय पाहिले, ते सविस्तर लिहावे.

राणीबागेशेजारी

दादा, आराखडा उत्तम आहे, पण वार कोणता ते लिहिलेले नाही आणि मुंबईत वारावर बरेच काही अवलंबून असते. घारापुरी आणि कान्हेरीची लेणी सोमवारी बंद असतात, भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग बुधवारी. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी वार विचारते आणि मगच बेत ठरवते.

भायखळा हा एका दिवसाच्या पाहुण्यांसाठी दुर्लक्षित राहिलेला भाग आहे, असे मला मनापासून वाटते. संग्रहालय १८७२ मध्ये उघडले. आतल्या मातीच्या लहान लहान प्रतिकृतींमध्ये जुन्या मुंबईतील समाज, त्यांचे पोशाख आणि व्यवसाय पाहायला मिळतात. मुलांना तेथून ओढून न्यावे लागते. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो हलवताना मोडला आणि पुढे त्याचे तुकडे जोडून त्याला येथे उभे केले. काळा घोडा चौकाला ज्याच्यामुळे नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ पासून भायखळ्यालाच आहे. हल्ली चौकात दिसणारा स्वाराविना घोडा २०१७ मधला आहे.

मिरजेचा पाहुणा

हत्तीची हकिकत नवीन कळली, ताई. घारापुरी आणि कोट एकाच दिवशी होते का?

लाँचच्या वरच्या मजल्यावर

होते, पण सकाळच्या पहिल्या लाँचांपैकी एक धरावी लागते. गेटवेपासून जायला साधारण तास लागतो, तेवढाच यायला, आणि धक्क्यापासून पायऱ्या चढून मुख्य लेण्यात पोहोचायला आणखी वेळ जातो. लेण्यात शिरल्यावर सगळे घाईने तीन मुखांच्या सदाशिवाकडे जातात. ते शिल्प मोठे आहे, सुमारे ६ मीटर उंच, आणि पहिल्या क्षणी माणूस गप्प होतो हेही खरे. माझे सांगणे एवढेच, की तेथे निदान दहा मिनिटे थांबावे. बाहेरच्या प्रखर उन्हातून आल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. सरावले, की मधल्या मुखावरची मिटलेल्या पापण्यांची रेषा, एका बाजूच्या रौद्र मुखाच्या मिशा आणि दुसऱ्या बाजूच्या सौम्य मुखाजवळचे कमळ हळूहळू उमटू लागते. शेजारीच अर्धनारीश्वर आणि गंगाधर आहेत. घाईचा प्रवासी हे पाहतच नाही. दुपारी परतल्यावर गेटवे ते हुतात्मा चौक एवढाच कोट पाहावा आणि वस्तुसंग्रहालय सोडून द्यावे, कारण त्याला किमान दोन-अडीच तास हवेतच. पावसाळ्यात मात्र घारापुरीच्या भरवशावर दिवस आखू नये.

मिरजेचा पाहुणा

धन्यवाद दादा. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तरी लिहितो. वडिलांना उपचारांसाठी परळला आणले होते. तपासण्यांचे निष्कर्ष दुसऱ्या दिवशी मिळणार होते, त्यामुळे मधला दिवस मोकळा होता आणि खोलीवर बसून राहिलो असतो, तर दोघांच्याही मनात नको ते विचार आले असते. वडील पाथरवट. आयुष्य दगड घडवण्यात गेले. लोकलने थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो, बाहेर आलो आणि ते समोरच्या खांबांपाशी जे थांबले, ते थांबलेच. एका खांबाच्या माथ्यावरची पाने पाहिली, मग शेजारच्या खांबाची, पुन्हा पहिल्याची, आणि मला म्हणाले, "या दोन्हींवर एकाच माणसाची टाकी नाही. याचा हात हलका आहे, पानाची कड बघ कशी उचललीय. त्यानं खोल घेतलंय." ते कोरीवकाम जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केल्याचे मी नंतर वाचले. म्हणजे हात खरोखरच वेगवेगळे होते. दगडांच्या दरजा किती बारीक राखल्या आहेत, हेही ते बोट फिरवून दाखवत होते. दुपारपर्यंत आम्ही त्या एका इमारतीच्या पुढे सरकलो नाही. आजारपण सुरू झाल्यापासून इतके बोलताना मी त्यांना पाहिले नव्हते.

गिरगावची मावशी

मिरजेच्या बाळा, तुझे वाचून डोळे भरून आले. बाबांची प्रकृती आता कशी आहे, ते जरूर कळव.

मिरजेचा पाहुणा

मावशी, बाबा आता बरे आहेत. औषधे चालू आहेत. घरी नातवाला टाकी धरायला शिकवत आहेत.

नायगावकर

आमच्याकडे ६ डिसेंबरला दरवर्षी परभणीकडची नातेवाईक मंडळी येतात. त्यांच्यासाठी मुंबईचा दिवस म्हणजे दादरची चैत्यभूमी, आणि तो दिवस रांगेतच जातो, याची त्यांना अजिबात खंत नसते. आजी एका वर्षी म्हणाली की बाबासाहेब जेथे राहिले ते घर पाहायचे आहे. म्हणून गर्दी नसलेल्या दिवसांत मी तिला पुन्हा बोलावले. सकाळी चैत्यभूमीवर सांचीच्या धर्तीचे तोरण आणि स्तूप निवांतपणे पाहिला, तेथून हिंदू कॉलनीतील राजगृह, जे त्यांनी आपल्या ग्रंथांसाठी बांधले, आणि मग परळची बीआयटी चाळ, जेथे राजगृहापूर्वी ते अनेक वर्षे राहत होते. दुपारनंतर कोटात जाऊन १९४६ मध्ये स्थापन झालेले सिद्धार्थ महाविद्यालय बाहेरून पाहिले. आजीला अक्षरओळख नाही. चाळीतली ती लहान खोली आणि नंतरचे पुस्तकांचे घर ही दोन्ही एकाच दिवशी पाहिल्यामुळे तिला जे उमगले, ते मी पुस्तकातून वाचून दाखवूनही तिच्यापर्यंत पोहोचवू शकलो नव्हतो. एका माणसाच्या आयुष्याच्या मागाने शहर पाहावे, असे मी सर्वांना सुचवीन.

बोरिवलीकर

सगळे दक्षिणेकडेच चालले आहेत, म्हणून हा प्रतिसाद. या शहराचा इतिहास इंग्रजांपासून सुरू होत नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत पसरलेला आहे. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यातील सुमारे ७ मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती थक्क करतात, पण माझे लक्ष दरवेळी पाण्याकडे जाते. लेण्यांच्या माथ्यावर खडकात खोदलेल्या चरांमधून पावसाचे पाणी प्रत्येक विहाराजवळच्या टाक्यात उतरवलेले आहे. जुलैमध्ये जाऊन पाहा, ती योजना आजही काम करताना दिसते. लाँचा बंद असतात त्या दिवसांत यापेक्षा चांगला पर्याय मला माहीत नाही.

गिरगावची मावशी

वाळकेश्वरच्या बाणगंगेचे नाव कोणीच कसे घेतले नाही? शिलाहारांच्या काळातला, ११२७ सालचा तलाव, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोडे. माझ्या माहेरचे सगळे पाहुणे आधी केशवजी नाईक चाळीत यायचे, जेथे लोकमान्यांच्या प्रेरणेने १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मग खोताची वाडी, तेथील लाकडी जिने आणि सज्जे, आणि उन्हे उतरली की वाळकेश्वर. वाडीतली घरे आता मोजकीच उरली आहेत, तेव्हा लांबणीवर टाकू नका. आणि ती लोकांची राहती घरे आहेत, दारात उभे राहून छायाचित्रे काढत बसू नये.

ठाण्याहून

आई सत्तरीच्या पुढची आहे आणि तिला पायऱ्या चढवत नाहीत. मावशी, बाणगंगा तिला जमेल का? तिच्यासाठी आणखी काही सुचवाल का?

गिरगावची मावशी

बाणगंगेला वरच्या कठड्यापाशी बसता येईल, खाली उतरण्याचा आग्रह धरू नकोस ग.

राणीबागेशेजारी

ओव्हल मैदान, ताई. पूर्वेच्या बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर. पश्चिमेला गोलाकार सज्ज्यांच्या आर्ट डेको इमारती. हा सगळा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आणि मैदानाच्या कडेने सपाट चालत, थांबत थांबत तो पूर्ण दिसतो. सकाळी दहाच्या सुमारास पश्चिमेच्या इमारतींवर ऊन असते, दुपारी चारनंतर टॉवरवर. आईंना घेऊन जात असाल, तर दुपारी जा.

ठाण्याहून

फार उपयोग झाला. सायंकाळी परतताना गर्दी कितपत असते, आणि हातात सामान असेल तर ते कोठे ठेवावे?

कोटातला वाटसरू (धागाकर्ता)

साडेपाच ते आठ या वेळात ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये आईंना घेऊन चढू नये. एक तर पाचपूर्वी निघावे, नाहीतर आठनंतर. सामान मोठ्या स्थानकातील क्लोकरूममध्ये ठेवता येते, मात्र प्रवासाचे तिकीट जवळ हवे आणि बॅगेला कुलूप लावलेले हवे.