मदत हवी आहे: अमेरिकन पाच व्हॉल्व्हच्या रेडिओतला कडकडाट

डायलवर ६४० आणि १२४० किलोहर्ट्झला कॉनेलरॅडच्या (अमेरिकेची शीतयुद्धकाळातली आणीबाणी-प्रसारण योजना) त्रिकोणी खुणा आहेत, म्हणजे सेट १९५३ ते १९६३ मधला. व्हॉल्व्ह १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५, ३५डब्ल्यू४. फिलामेंट सिरीजमध्ये आणि चासी (धातूचा सांगाडा) थेट विजेच्या लाइनवर, त्यामुळे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला लाइनपासून वेगळा ठेवणारा) लावूनच हात घालतो. वीज न्यू जर्सीतली, १२० व्होल्ट.

स्टेशनं नीट लागतात, पण मध्येच वीज चमकल्यासारखा कडकडाट होतो. व्हॉल्यूम शून्यावर नेला की तो थांबतो, म्हणजे दोष पॉटच्या (व्हॉल्यूम कंट्रोलच्या) आधी आहे.

फिल्टर आणि मेणकागदाचे सगळे कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह बदलून पाहिले, सॉकेट साफ केले. १२बीए६ (आयएफ, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीचा ॲम्प्लिफायर) चा ग्रिड, म्हणजे सिग्नल आत येण्याचं टोक, ०.१ मायक्रोफॅरडमधून चासीला जोडला तरी कडकडाट तसाच, म्हणजे दोष त्याच्या पुढे. मग दुसऱ्या आयएफ कॅनच्या (धातूच्या डबीतला आयएफ ट्रान्सफॉर्मर) सेकंडरीची, म्हणजे सिग्नल बाहेर नेणाऱ्या कॉइलची, दोन्ही टोकं सोडवून मोजलं, तर तिथे डीसी व्होल्टेज येतंय. ते शून्य हवं. दोन्ही कॉइल शाबूत आहेत, तेव्हा कॅनच्या बुडातल्या कपॅसिटरच्या अभ्रकावर चांदी पसरून गळती होतेय, याबद्दल शंका नाही.

अभ्रक काढून बाहेरून कपॅसिटर लावणार आहे; मूळ कॅन टिकवायचा आहे, दुसरा सुचवू नये. आयएफ ४५५ किलोहर्ट्झ. सर्किटचं लेबल गेलेलं, सिग्नल जनरेटर आणि एलसीआर मीटर (कॉइल-कपॅसिटर मोजणारा) नाही.

दोन्हीकडे १०० पिकोफॅरड लावून स्लगने (कॉइलमधला फिरवता येणारा गाभा) ४५५ साधेल का, की प्रायमरी आणि सेकंडरीला वेगळी मूल्यं लागतात, आणि ती स्टेशन ऐकत कशी ठरवायची?